बॉम्ब, बाया आणि लाहोरची बस

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या माणसाचं काही मोठं काम निघालं की तो नागपूरची गाडी धरतो. राजधानी भोपाळ असेल, पण लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, संत्र्याचा व्यापारी आणि पोरांचं कॉलेज नागपुरात. १९५६ पर्यंत तर सगळा एकच प्रांत होता आणि त्याची राजधानीच नागपूर होती. राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि मराठी बोलणारा हा पट्टा रेषेच्या वरच्या अंगाला उरला. २०२३च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तरी गाडीची दिशा काही बदलली नाही.

त्यामुळं युद्धाविरुद्ध आणि अण्वस्त्रांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायांची गोष्ट इथल्या वाचकाला सांगायची, तर ती नागपुरातूनच सुरू करणं सोयीचं. तिथं १९२९ साली निर्मला देशपांडे जन्मल्या. दिल्लीत त्यांना ‘दीदी’ म्हणत, लाहोर-कराचीतही त्याच नावानं ओळखत. महाराष्ट्रात मात्र आज त्यांचं नाव घेतलं तर दहातले आठ जण ‘कोण?’ असं विचारतील. आपल्या माणसांना विसरण्यात आपला हात कोण धरणार!

मार्च २००० मध्ये निर्मलाताई दिल्लीहून एका बसनं लाहोरला गेल्या. सोबत चाळीसच्या आसपास स्त्रिया होत्या. काळ कोणता होता ते आधी पाहू. मे १९९८ मध्ये भारतानं पोखरणला ११ आणि १३ तारखेला अणुचाचण्या केल्या, आणि त्याच महिन्यात २८ आणि ३० तारखेला पाकिस्ताननं बलुचिस्तानात उत्तर दिलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी बसनं लाहोरला गेले आणि लगेच त्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं. डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सचं विमान कंदाहारला पळवलं गेलं. पाकिस्तानशी बोलायला हवं असं म्हणणारा माणूस तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा शिव्या खात होता. याच मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन भारतात आले, आणि जगातली सगळ्यात धोकादायक जागा बहुधा हीच, असं ते म्हणाले होते. त्या धोकादायक जागेच्या बरोब्बर मधून या बाया बसनं गेल्या.

पण बसच का? बॉम्बला विरोध करायचा तर दिल्लीत मोर्चा काढावा, सह्या गोळा कराव्यात, अणुभट्टीच्या दारात बसावं. जगभर बायांनी तसंच केलं होतं. इथल्या बायांनी वेगळी वाट का धरली, हे कळायला थोडं मागं, जपानपर्यंत जावं लागतं.

१ मार्च १९५४. प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. शास्त्रज्ञांचा अंदाज पाच-सहा मेगाटनांचा होता, स्फोट निघाला पंधरा मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट. दीडशे किलोमीटरच्या आसपास एक जपानी मासेमारी बोट होती, ‘भाग्यवान ड्रॅगन क्रमांक पाच’. नाव भाग्यवान, पण तिच्यावर काही तास पांढरी राख पडत राहिली. ती प्रवाळाची राख होती, स्फोटानं वर उडालेली आणि किरणोत्सारानं भरलेली. बोटीवरचे २३ जण आजारी होऊन बंदरावर परतले. त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात मेला. दरम्यान त्या बोटीचे आणि इतर बोटींचेही मासे बाजारात पोचले होते. गायगर यंत्र माशाजवळ धरलं की कडकडू लागे. टनावारी ट्यूना मासा फेकून द्यावा लागला. ट्यूना म्हणजे कोकणातला कुपा. आपल्याकडं जाम-कन्हानच्या काठावर त्याची ओळख असायचं कारण नाही.

टोकियोच्या सुगिनामी भागात सुगावारा नावाचं कुटुंब मासे विकत असे. गिऱ्हाईक येईना. स्त्रियांच्या एका सभेत घरच्या तोमिको सुगावारा उभ्या राहिल्या आणि त्यांनी बॉम्बचा विषय काढला. त्या भागात गृहिणींचं एक वाचनमंडळ होतं, पुस्तकं वाचून चर्चा करणारं. त्या बायकांनी सह्यांची मोहीम हाती घेतली. दारोदार जायचं, आणि कुठल्याही पक्षाचं नाव न घेता फक्त हायड्रोजन बॉम्बवर बंदीची मागणी करायची, असं ठरलं. काही आठवड्यांत सुगिनामीतच अडीच लाखांवर सह्या झाल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टपर्यंत देशभराचा आकडा तीन कोटींच्या वर गेला. तेव्हा जपानची लोकसंख्या नऊ कोटींच्या आत होती. हिरोशिमाला नऊ वर्षं होऊनही जे साधलं नव्हतं ते माशानं साधलं. कारण हिरोशिमा ही झालेली गोष्ट होती, आणि मासा संध्याकाळच्या जेवणातला होता.

अमेरिकेत हेच काम दुधानं केलं. बॉम्बच्या स्फोटात स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ तयार होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तो कॅल्शियमचा चुलतभाऊ. त्यामुळं शरीर फसतं. स्फोटाची धूळ वाऱ्यानं हजारो किलोमीटर जाते, पावसाबरोबर गवतावर पडते, गवत गाय खाते, गाईचं दूध पोर पितं आणि पोराच्या वाढत्या हाडांत-दातांत कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम जाऊन बसतं. निम्मं व्हायला त्याला साधारण २९ वर्षं लागतात. तेवढा काळ आणि त्यानंतरही ते आतून किरण सोडत राहतं.

हे पुस्तकात ठाऊक होतं, पण पोरांच्या अंगात किती गेलं ते मोजणार कसं? जिवंत मुलाचं हाड काढता येत नाही. दात मात्र आपोआप पडतो. सेंट लुइस शहरात १९५८च्या अखेरीस दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. डॉ. लुईस राइस या स्त्री-डॉक्टरनं तिची पहिली वर्षं सांभाळली. शाळांत, दवाखान्यांत, ग्रंथालयांत कार्डं वाटली गेली. आई कार्डावर मुलाची जन्मतारीख लिही, गरोदरपणात आपण कुठं राहत होतो आणि मुलाला अंगावरचं दूध पाजलं की बाटलीचं तेही लिही, आणि दात चिकटवून पाठवून देई. दात पाठवणाऱ्या पोराला एक बिल्ला मिळे, त्यावर दात पडलेलं हसरं तोंड. आपल्याकडं पडलेला दात कौलांवर फेकून उंदराकडं नवा मागतात. तिथल्या पोरांनी तो प्रयोगशाळेला दिला. असे तीन लाखांहून जास्त दात जमले. १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम हे १९५० साली जन्मलेल्यांच्या सुमारे पन्नासपट निघालं.

१ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेतल्या साठेक शहरांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास बायका एक दिवस घरकाम आणि नोकरी सोडून रस्त्यावर आल्या. डॅगमार विल्सन ही मुलांच्या पुस्तकांची चित्रकार त्यांची पुढारी. ना सभासदांची यादी, ना वर्गणी, ना पदाधिकारी. फोनवरून फोन, बस्स. पुढच्या वर्षी डिसेंबरात संसदेच्या एका समितीनं त्यांना चौकशीला बोलावलं. तुमच्यात कम्युनिस्ट किती, हा प्रश्न होता. भल्याभल्यांना घाम फोडणारी ही समिती. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या, दालन खच्चून भरलं. पहिली बाई साक्षीला निघाली तशा सगळ्या उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी उभं राहण्यावर बंदी घातली तर त्यांनी टाळ्या वाजवल्या, टाळ्यांवरही बंदी आली तर साक्षीला जाणारीच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून समितीचंच हसं झालं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्यात आणि अंतराळात चाचण्या न करण्याचा करार केला. भारतानंही त्याच महिन्यात सही केली. नेहरूंनी चाचण्या थांबवायची मागणी १९५४ सालीच लोकसभेत केली होती.

या विजयात एक मेख होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट तीच आहे. करारानं जमिनीखालच्या चाचण्यांना हात लावला नव्हता. दूध स्वच्छ झालं आणि बॉम्ब जमिनीखाली गेला. जगात आजवर दोन हजारांवर अणुचाचण्या झाल्या, त्यांतल्या दीड हजारांवर जमिनीखाली. बॉम्ब वाढतच गेले, पण स्वयंपाकघराशी असलेला त्यांचा संबंध तुटला, आणि त्याबरोबर बायकांच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यारही गेलं.

आता पोखरण घ्या. १८ मे १९७४ ची चाचणी जमिनीखाली, १९९८च्याही जमिनीखाली. मुंबईच्या नळाला किंवा सौंसरच्या गोठ्याला त्याचा काही पत्ता नाही. महाराष्ट्रातल्या बायका तेव्हा झोपलेल्या होत्या असं मुळीच नाही. १९७२ पासून मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागं हजारो बायका हातात लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरत होत्या. साखर, रॉकेल, तेल, धान्य यांसाठी मंत्र्यांच्या दारात थाळ्या वाजत होत्या. स्वयंपाकघर रस्त्यावर कसं आणायचं हे मराठी बाईला कुणी शिकवायला नको होतं. पहिली चाचणी झाली त्या दिवशी देशात रेल्वेचा संप चालू होता, महागाईनं लोक टेकीला आले होते. तरी लाटणं बॉम्बच्या दिशेनं उगारलं गेलं नाही. रॉकेलची रांग रोज दिसायची, बॉम्ब कुणाच्या ताटात नव्हता. उलट त्याचा अभिमानच वाटत होता.

हाच धागा कोकणात दुसऱ्या टोकानं सापडतो. जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा ९,९०० मेगावॉटचा वीजप्रकल्प जाहीर झाला, तेव्हा माडबन आणि साखरी नाट्याच्या बायका मोर्चात पुढं होत्या, जेलभरोत होत्या. अणुवीज आणि अणुबॉम्ब एक नव्हे, ही गल्लत करू नये. पण तिथं विषय पुन्हा मासळीचा होता: भट्टीचं गरम पाणी खाडीत-समुद्रात आलं तर मासा राहील का? २०११च्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मारला गेला, तेव्हा तो भाग किती पेटला ते सगळ्यांनी पाहिलं. मंडल्याकडं नर्मदेकाठी चुटक्याच्या प्रकल्पाला तिथली गावं विरोध करतात, त्याच्या मुळाशीही जमीन आणि पाणी आहे. एकदा बरगी धरणानं उठवलेली माणसं ती, दुसऱ्यांदा उठायला तयार नाहीत.

बॉम्बच्या बाबतीत मात्र आपल्या उपखंडात दूषित दुधाची भीती नव्हती. होती ती शेजाऱ्याची. म्हणून इथं बॉम्बशी भांडायचं तर आधी शेजाऱ्याच्या भीतीशी भांडणं भाग होतं.

अण्वस्त्रं कशाला हवीत याचं सरकारी उत्तर सगळीकडं एकच आहे: धाक. मी टाकला तर तूही टाकशील, म्हणून कुणीच टाकणार नाही. पांढुर्ण्याच्या माणसाला हा धाक वेगळा समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी गोटमार होते. पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी पळवून नेत होता, नदीच्या मध्यात दोघं दोन्हीकडच्या दगडांखाली मेले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, कितीतरी जण आजवर मेले. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदी घालून पाहिली. दगड थांबले नाहीत. दोन्ही काठांवर भरपूर दगड आहेत म्हणून दगड चालत नाहीत, असं तिथं कधी झालेलं नाही. आणि तरीही गोटमार एका दिवसात आटपते. कारण उरलेले ३६४ दिवस त्याच दोन काठांत सोयरिकी आहेत, उधारी आहे, दूध-भाजी आहे, एकाच शाळेत जाणारी पोरं आहेत. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ते ३६४ दिवसच नाहीत. शीतयुद्धात अमेरिका-रशियाला क्षेपणास्त्र पोचायला अर्धा तास तरी लागे. खरी सूचना की खोटी हे तपासायला तेवढी सवड होती. दिल्ली-इस्लामाबाद किंवा लाहोर-अमृतसर हे अंतर काही मिनिटांचं. भारताची घोषित भूमिका पहिला वार न करण्याची आहे, पाकिस्ताननं तशी भूमिका घेतलेली नाही. दोन्हीकडं मिळून साडेतीनशेच्या आसपास अण्वस्त्रं आहेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

निर्मलाताईंच्या बसचा अर्थ या ३६४ दिवसांत आहे. बस काही बॉम्ब मोजायला गेली नव्हती.

आणि नेमकी हीच वाट त्यांना सुचावी यात नवल नाही, कारण त्या चालतच मोठ्या झाल्या. वडील पु. य. देशपांडे म्हणजे १९२७ साली ‘बंधनांच्या पलीकडे’ या कादंबरीनं खळबळ माजवणारे आणि पुढं ‘अनामिकाची चिंतनिका’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे लेखक. मुलगी राज्यशास्त्रात एम.ए. झाली, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवू लागली आणि १९५२ साली विनोबांच्या भूदान पदयात्रेत सामील झाली. त्या यात्रेत त्या चाळीसेक हजार किलोमीटर चालल्या असं सांगतात. विनोबांची रीत साधी होती. जमीनदाराच्या गावात जायचं, त्याच्याच दारात बसायचं, त्याच्याशीच बोलायचं. शत्रूबद्दल सभा घ्यायची नाही, त्याच्या घरी जायचं. पुढं पंजाब पेटला तेव्हा निर्मलाताई पंजाबात गेल्या, काश्मीर पेटलं तेव्हा काश्मिरात. त्या इंदिरा गांधींच्या निकटच्या होत्या, दोनदा राज्यसभेवर नियुक्त झाल्या, पद्मविभूषणही मिळालं. सत्तेच्या जवळ राहून शांततेचं काम करता येतं का, हा प्रश्न त्यांच्यावर टीका करणारे विचारत. तो गैरलागू नव्हता. पण सत्तेच्या जवळ नसतं कुणी, तर चाळीस बायकांना त्या महिन्यात व्हिसा मिळाला असता, असं मला वाटत नाही.

विनोबांच्या याच रीतीतून आणखी एक यात्रा निघाली होती. १ जून १९६२ रोजी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण राजघाटावरून निघाले आणि अण्वस्त्रांविरुद्ध मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशी चार अण्वस्त्रधारी राजधान्यांची वाट पायी तुडवत गेले. समुद्र आला तिथं तेवढा बोटीनं पार केला. निघताना विनोबांनी त्यांना सांगितलं होतं की पैसे जवळ बाळगू नका. पैसे असतील तर हॉटेलात उतराल, नसतील तर कुणाच्या तरी घरी उतरावं लागेल. जॉर्जियात, काळ्या समुद्राच्या बाजूला, चहाच्या एका कारखान्याबाहेर त्यांना दोन कामगार बाया भेटल्या. हे दोघं कशासाठी चालताहेत हे कळल्यावर त्यांनी आधी चहा पाजला. मग एक जण आत जाऊन चहाची चार पाकिटं घेऊन आली. चारही राजधान्यांतल्या पुढाऱ्यांना एकेक द्या, आणि बटण दाबायचा वेडा विचार डोक्यात आला तर आधी थांबून एक कप चहा घ्या असं त्यांना सांगा, असा तिचा निरोप. दोघांनी ती पाकिटं शेवटपर्यंत वाहिली. दोघी बायांची नावं कुठं नोंदलेली नाहीत. कसलीही संघटना नसलेल्या त्या दोन कामगारणींनी धाकाच्या सिद्धान्तातली सगळ्यात कच्ची जागा नेमकी धरली होती: निर्णयाला लागणारा वेळ.

असो, बसकडं परत येऊ. कारगिलच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ‘विमेन्स इनिशिएटिव्ह फॉर पीस इन साउथ एशिया’ ही संस्था उभी राहिली. निर्मलाताईंबरोबर राष्ट्रीय महिला आयोगाच्या माजी अध्यक्ष मोहिनी गिरी होत्या, सय्यदा हमीद होत्या. मोहिनी गिरींचं काम युद्धात नवरा गेलेल्या स्त्रियांत. युद्धाचा हिशेब नंतर कुणाच्या दारात येतो हे त्यांना आकडेवारीतून शिकावं लागलं नव्हतं. लाहोरच्या बाजूला अस्मा जहांगीर. झिया उल हक यांच्या राजवटीत, फेब्रुवारी १९८३ मध्ये, बाईची साक्ष पुरुषाच्या निम्मी धरणाऱ्या कायद्याविरुद्ध लाहोरच्या रस्त्यावर लाठ्या खाल्लेल्या स्त्रियांच्या पिढीतली ही वकील. त्यामुळं बसमधल्या बायांना तिकडं भेटल्या त्या लष्कराशी आधीच भांडलेल्या बाया. मे २००० मध्ये अस्मा जहांगीर तिकडच्या स्त्रियांना घेऊन दिल्लीत आल्या. गेलेल्यांना परत येऊन आपल्या माणसांना ‘आम्ही तिकडं जेवलो’ एवढं सांगता येणं, हाच त्या फेऱ्यांचा नफा होता. कुणाला तो थोडा वाटेल.

याच सुमारास, नोव्हेंबर २००० मध्ये, अण्वस्त्रमुक्ती आणि शांततेसाठीच्या संघटनांची एक आघाडी दिल्लीत स्थापन झाली. तिच्याशी जोडलेल्या ललिता रामदास यांचा उल्लेख करायलाच हवा. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख आर. डी. कटारी यांची ही मुलगी, आणि नंतरचे नौदलप्रमुख ॲडमिरल एल. रामदास यांची पत्नी. अलिबागजवळच्या खेड्यात हे जोडपं राहायला आलं आणि दोघं पाकिस्तानशी मैत्री आणि अण्वस्त्रांना विरोध या कामात पडले. वडील आणि नवरा दोघंही नौदलाच्या शिखरावर बसलेले असताना बॉम्ब नको म्हणणाऱ्या बाईला ‘तुम्हाला संरक्षणातलं काय कळतं’ असं सांगणं जड जातं. ॲडमिरल रामदासांना २००४ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्याबरोबर विभागून.

या चळवळीची उणीवही सांगितली पाहिजे. ती दिल्ली, मुंबई, लाहोर, कराचीच्या शिकलेल्या स्त्रियांत फिरली. सौंसरच्या बचत गटात अणुबॉम्ब हा विषय निघत नाही. निघतो तो फौजेत गेलेल्या पोराचा, आणि त्याच्याबद्दल काळजी आणि अभिमान एकाच वाक्यात येतात. त्या आईशी बोलण्याची भाषा शांततेच्या परिषदांना कधी सापडली नाही. वाघा सीमेवर ऑगस्टच्या मध्यरात्री मेणबत्त्या लावणाऱ्यांची ‘मेणबत्तीवाले’ म्हणून टर उडवणं त्यामुळंच सोपं गेलं. दुसरी उणीव निकालाची. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळाबाहेर बायांनी १९८१ पासून १९ वर्षं तळ ठोकला, १९८२च्या डिसेंबरात तीस हजार जणींनी हात धरून तळाला वेढा घातला, आणि तिथली ९६ क्रूझ क्षेपणास्त्रं अखेर हलली. अर्थात हलली ती १९८७च्या अमेरिका-रशिया करारानं. तो करार बायांनी आणला असं म्हणणं अति होईल, आणि त्यांचा काही वाटा नव्हता म्हणणंही. आपल्याकडं तेवढाही निकाल दाखवता येत नाही. एकही बॉम्ब कमी झालेला नाही.

१ मे २००८ रोजी निर्मलाताई दिल्लीत गेल्या. पुढच्या वर्षी पाकिस्ताननं त्यांना मरणोत्तर ‘सितारा-ए-इम्तियाज’ दिला. मधल्या काळात, नोव्हेंबरात, मुंबईवर हल्ला झाला होता. दिल्ली-लाहोर बस संसदेवरच्या हल्ल्यानंतर बंद पडली, २००३ साली पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचा रस्ताही बंद झाला, व्हिसे रद्द झाले. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला, पण भारत आणि पाकिस्तान दोघंही त्यात नाहीत. मोडलेली नाही ती एक जुनी रीत: १९८८च्या करारानुसार दर १ जानेवारीला दोन्ही सरकारं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, यांवर हल्ला करायचा नाही म्हणून. कारगिलच्या वेळीही ती थांबली नाही.

त्याच तारखेला आणखी एक यादी दिली जाते, एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांची. पाकिस्तानातल्या भारतीय कैद्यांत बहुतेक मच्छीमार असतात. पालघर-डहाणूकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात, समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली गेली की धरले जातात आणि कराचीच्या तुरुंगात पडतात. त्यांच्या बायका-आया तहसीलदारापासून आमदारापर्यंत अर्ज घेऊन फिरतात. भारत-पाकिस्तान शांतता हा विषय महाराष्ट्रात आज ज्या बायांच्या रोजच्या जगण्यात आहे, त्या या. शिक्षा संपली तरी गावाकडून राष्ट्रीयत्वाची पडताळणी होऊन कागद पलीकडं पोचेपर्यंत माणूस सुटत नाही, आणि दोन देशांचं बिनसलं की सगळ्यात आधी अडकतात ते हेच कागद.